खांब ठेवलेला फोटो

वहिनी, दादाने फोटो निवडला. नेमका तोच निवडला.

तुझ्या कॅमेरावाल्या मंडळींनी ठरवलंय की यंदाच्या प्रदर्शनात दारासमोरची भिंत तुझी. एकच फोटो, मोठा करून, खाली तुझं नाव. फोन आला तेव्हा सवयीने मी कागद ओढला आणि कामं लिहून काढली: फोटो निवडणे, मोठा करून घेणे, फ्रेम, हॉलवर पोचवणे. पहिलं काम दादाला दिलं. तो दिवसभर तुझ्या कॉम्प्युटरसमोर नुसता बसलेला असतो, त्याच्या हाताला काहीतरी हवं होतं. मला वाटलं, आठवडा सहज जाईल. तो दुपारच्या चहाच्या आत बाहेर आला आणि म्हणाला, "सुजे, हा. दुसरा बघायचीच गरज नाही."

माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणीचा फोटो. समोर प्रबळचा डोंगर, त्याच्या अंगावरून अर्ध्यापर्यंत उतरलेलं ऊन, खाली अजून अंधारात असलेली वाडी, आणि वाडीतून सरळ वर गेलेली धुराची एक रेघ. तिचं टोक उन्हाच्या कडेला जेमतेम टेकलेलं. फार सुंदर आहे. मी "छान आहे" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बंद गॅससमोर उभी राहिले.

कारण तो फोटो तुझा आहे की माझा, हे मला माहीत नाही.

हे तुलाच विचारायला हवं. तिथे आपण दोघीच होतो. तू उत्तर देणार नाहीस एवढं मला कळतं, कुणाला वाटायला नको की मी भ्रमिष्ट झाले. पण दुसऱ्या कुणाला विचारू? ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात इतकी वर्षं मी कुठला माल कुठल्या गाडीत, कुणाच्या नावावर, हे एका नजरेत सांगत आले. आणि एका फोटोखाली कुणाचं नाव लिहायचं हे मला ठरवता येत नाही.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे माझं मलाच काही सापडलं तर सापडेल.

तू आमच्या घरी आलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आठवडाभर एकमेकींना अहोजाहो केलं, मग तूच म्हणालीस, "पुरे हां आता, माझी जीभ दुखाया लागली." आईला ते आवडलं नव्हतं. तेव्हापासून तू मला 'वन्सं' म्हणायचीस ते निव्वळ चिडवायला. तुझ्या शिलाईच्या दुकानात चार बायका बसलेल्या असताना, मी ऑफिसातून दमून आलेली असताना, मोठ्याने: "या वन्सं, बसा वन्सं, अस्तर कुठल्या रंगाचं लावू वन्सं?"

कॅमेरा तू एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून जुना घेतलास, चाळिशी उलटल्यावर. घरात सगळे हसले. मीही हसले. दादा म्हणाला, चार दिवसांत कपाटात जाईल. मग पहिल्या रविवारी तू माझ्या दारात उभी. "गाडी तुझी, रस्ता तुला म्हायती, आणि तुझ्या भावाचे गुडघे गेलेत. चल." मी यादी केली. पाणी, थर्मास, टोप्या, बॅटरी, बिस्किटं, आयोडेक्स. तू ती वाचलीस आणि म्हणालीस, "उजेड नाय लिहिलास? सगळं घेशील आणि उजेडच ऱ्हायचा." पुढे प्रत्येक वेळी तू हाच विनोद केलास. प्रत्येक वेळी मी चिडले. यादीला हसलेलं मला अजूनही चालत नाही.

प्रबळमाचीवर गेलो होतो ते आठवतंय? तिथे एक जागा आहे, जिथून कलावंतिणीचा सुळका सगळेच टिपतात. मुलं रांगेत उभी होती. मला ते सोयीचं वाटलं. जागा ठरलेली, कोन ठरलेला, आपण जायचं, काढायचा, खाली यायचं. तू रांगेत उभी राहिलीस, नंबर आला तसं डोळे भरून बघितलंस, आणि कॅमेरा पिशवीतून न काढता बाजूला झालीस.

"काय झालं?"

"मस्त हाय गं. पण रेडीमेड हाय. सगळ्यांच्या अंगावर तोच."

मग तू एका घरामागे गेलीस. तिथे दगडी बांधावर गोधड्या वाळत घातल्या होत्या. तासभर तिथेच. शेवटी जो फोटो काढलास त्यात बांध आहे, गोधड्या आहेत, आणि त्या सुळक्याचा फक्त खालचा अर्धा. मी म्हटलं, "एवढं चढून आलो आणि टोकच कापलंस?"

"टोक बघायचं तर मोबाइलवर बघ. ढिगानं हायेत."

मी उतरताना तुझ्याशी बोलले नाही. माझ्या बाजूचा मुद्दा मला अजून बरोबर वाटतो. माणूस डोंगरावर जातो ते टोकासाठी. ते भांडण आपलं कधी मिटलं नाही, नुसतं जुनं झालं.

तुझी पद्धत मला कळायला वेळ लागला, आणि ती मला कळली ती डोंगरात नाही, दुकानात. ब्लाउजपीस तू टेबलावर पसरायचीस आणि कात्री मुद्दाम लांब, शिलाई मशीनच्या पलीकडे ठेवायचीस. कात्री हाताशी असली की हात घाई करतो, असं तुझं म्हणणं. कापड उलटं करायचं, सुलटं करायचं, बुट्टी कुठे येईल, काठ कुठे पडेल, पाठीला काय, बाहीला काय. खडूने रेघा. सगळं बेतून झालं की मग उठून कात्री आणायची. डोंगरातही तेच. कॅमेरा पिशवीत. तू डावीकडे जाणार, उजवीकडे जाणार, खडकावर पालथी पडणार. गळ्यात मापाची टेप विसरलेली असायची, ती लोंबतेय. मी घड्याळ बघत म्हणायची, "अगं काढ आता, ऊन चाललंय." तू म्हणायचीस, "जाऊ दे की. तेच एक ऊन हाय काय?" एकदा जागा ठरली की खिशातून शिंप्याचा खडू काढून खडकावर तीन खुणा करायचीस, तिवईच्या तीन पायांसाठी. मग ती खुणांवर नीट ठेवायची. "फोटो काढत नाय मी," तू म्हणायचीस, "बेतते."

आणि तुझा तो नियम. काढलेल्या फोटोंतले नकोत ते तिथेच, डोंगरावर बसून पुसून टाकायचे. मला तो बघवायचा नाही. कार्डावर जागा असते, घरी जाऊन शांतपणे बघता येतं, दादालाही दाखवता येतात. "कातरण दुकानातच झाडायची," तू म्हणायचीस. "घरी चिंध्या नाय न्यायच्या." मशीनच्या सुईसारखी बोटं चालायची. पंधरा-वीस काढलेस तर खाली एक यायचा, क्वचित दोन.

हा नियम नीट लक्षात ठेवायला हवा. माझा सगळा घोळ त्याच्याभोवती आहे.

धोदाणीचा तो दिवस. नवरात्र होऊन गेलं होतं, गवत पिवळं पडायला लागलं होतं. नेरे गाव मागे टाकलं तेव्हा रस्त्यावर धुकं होतं. त्या दिवसांत तुला दम लागत होता. आपण दोघी त्याला वय म्हणत होतो. माथेरानच्या वाटेवर आपण फार वर गेलोच नाही, पहिल्या सोंडेवर, जिथून समोर प्रबळ उभा दिसतो तिथे थांबलो. तू मला समजावलंस, मागे माथेरान आहे, सूर्य त्याच्या पलीकडून येणार, म्हणजे ऊन आधी समोर प्रबळच्या माथ्यावर पडणार आणि मग माथेरानची सावली त्याच्या अंगावरून हळूहळू खाली सरकणार. "साडीची निरी सोडल्यासारखी," म्हणालीस. तुला ती सावलीची कड पाहिजे होती. आणि वाडीतल्या चुलीचा धूर.

तू बेतलंस. खुणा केल्यास. तिवई लावलीस. कॅमेरा चढवलास, डोळा लावलास, स्क्रू घट्ट केलास, ऊन खाली येईपर्यंत दहा-पंधरा काढलेस. मग खडकावर बसलीस आणि मला म्हणालीस, "वन्सं, तू उभी ऱ्हा. माझ्यानं नाय होत. मी सांगते तेव्हा दाब."

मी उभी राहिले आणि आतून बघितलं. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त डाव्या काठाला, अगदी काठाला, विजेचा एक खांब. जरा कललेला. त्याच्यावरून एक तार निघून आकाशात कुठेतरी जात होती. मला वाटलं, तुझ्या नजरेतून सुटला. दम लागलाय, घाईत राहिलं असेल. मी एक स्क्रू सैल केला, कॅमेरा उजवीकडे किंचित वळवला, खांब गेला. स्क्रू घट्ट. हे मी कुठल्याही टेबलावर केलं असतं. वाकडी फाइल दिसली की हात जातोच.

तू डोळे मिटून बसली होतीस की समोर बघत होतीस, ते मला आठवत नाही. ऊन उतरत आलं. धूर वर आला. वारा थांबला होता, धूर अगदी सरळ. मी वाट बघत होते तू 'हां' म्हणशील म्हणून. तू म्हणत नव्हतीस. आणि धुराचं टोक त्या कडेला लागलं. मी दाबलं.

त्यानंतर तू म्हणालीस, "हां." की त्याच क्षणी म्हणालीस? की आधी म्हणालीस आणि माझ्या कानात उशिरा शिरलं? गेले कितीतरी दिवस मी हे परत परत लावून बघतेय आणि दर वेळी वेगळं निघतं.

मग तू उठून आलीस. कॅमेऱ्यामागच्या काचेवर फोटो बघितलास. खूप वेळ. म्हणालीस, "खांब कुठं गेला?"

"मी काढला. मध्ये येत होता."

"हं," म्हणालीस.

एवढंच. रागाने नाही, कौतुकाने नाही. मग तू स्क्रू सोडलास, कॅमेरा परत डावीकडे आणलास, खांब परत काठाला आला, आणि तू स्वतः एक फोटो काढलास. तोपर्यंत वारा सुटला होता, धूर वाकला होता. मग खडकावर बसून तू नियमाप्रमाणे पुसायला घेतलंस. मी थर्मासमधून चहा ओतत होते. आदल्या तासाभरात काढलेले सगळे गेले. खाली आले ते फक्त दोन. खांब नसलेला माझा आणि खांब असलेला तुझा.

माझा का नाही पुसलास, वहिनी?

तो चांगला वाटला म्हणून? माझं मन मोडू नये म्हणून? की बोटात जोर नव्हता, पुढे बघू म्हणून? उतरताना तू माझ्या ब्लाउजच्या हुकांबद्दल बोलत होतीस, की मी जाडी झालेय आणि मान्य करत नाही. खाली गाडीपाशी आल्यावर म्हणालीस, "मस्त सकाळ झाली." ती कुठल्या फोटोमुळे, हे मी विचारलं नाही. त्यानंतर आपण डोंगरावर गेलो नाही. दवाखान्यात मी रोज येत होते, डबा, औषधं, रिपोर्ट, सगळं वेळच्या वेळी. तू विचारायचीस, अमकीची ऑर्डर दिली का, तमकीचं माप बदललं का. मी उत्तरं द्यायची. खांबाचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. निदान माझ्या नव्हतं.

तू काय म्हणाली असतीस, हे तुझ्या जुन्या बोलण्यातून काढावं म्हटलं तर तिथेही पंचाईत. दुकानात एकदा एका गिऱ्हाइकाने ब्लाउजचं कौतुक केलं, "ताईंच्या हाताला तोड नाही." तुझी शिवणारी बाई फणकारली, "शिवलं तर मी." तू तोंडातली टाचणी काढून म्हणालीस, "आणि बेतलं कुणी?" विषय संपला. आणि डोंगरात एकदा मी गमतीने म्हटलं की गाडी माझी, तिवई मी वाहिली, चहा माझा, तेव्हा अर्धा फोटो माझा. तर म्हणालीस, "ज्यानं बटण दाबलं त्याचा फोटो. चहा तुझा, वन्सं." दुकानात एक, डोंगरात दुसरं. पहिल्या नियमाने हा फोटो तुझा. पण बेत मी हलवला, म्हणजे तसाही नाही. दुसऱ्या नियमाने माझा. पण मी तुझ्या शब्दावर दाबलं असेल तर? मेलेल्या माणसाने निदान स्वतःशी तरी सुसंगत असावं.

परवा मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि एकटीच धोदाणीला गेले. दोन्ही फोटोंचे छोटे प्रिंट घेऊन. माझा विचार सरळ होता: जागेवर उभं राहून खांब का ठेवला ते समजून घ्यायचं. समजलं की प्रश्न सुटला. खडूच्या खुणा पावसात गेल्यात. जागा अंदाजाने शोधली. खांब आहे तिथेच आहे, तसाच कलता.

मी कारणं मांडून बघितली. धूर सरळ आणि खांब कलता, म्हणून? पण तुझ्या फोटोत धूरही कलताच आहे. खांबामुळे डोंगर किती मोठा ते कळतं, म्हणून? ते वाडीच्या घरांवरूनही कळतं. तुझ्या माहेरी, उरणच्या बाजूला, मिठागरांच्या कडेने खांबांची रांग जाते, ती आठवली? असेल, पण तू माहेर आठवून कधी हळवी झालेली मला माहीत नाही; तुला माहेरचं फक्त सुकट आठवायचं. मला डिवचायला ठेवला? हे तुझ्या स्वभावात बसतं. पण कॅमेरा लावलास तेव्हा, मी तिथे उभी राहणार हे तुलाच कुठे ठाऊक होतं?

मी तळहात पुढे धरून खांब झाकला. समोर माझा फोटो. हात काढला, तुझा. झाकला, काढला. माझा मला जास्त आवडला. खरं तेच लिहिते.

तेवढ्यात वाटेवरून लाकडाची मोळी घेऊन एक बाई उतरत आली. आपल्याला ती दोन-तीनदा भेटली होती, तुला विचारायची, "डोंगर कवाचा तिथंच हाय, बाई. रोज काय नवीन दिसतं?" आणि तू म्हणायचीस, "तो तिथंच हाय गं, मीच नाय तिथं." मला एकटीला हात हलवताना बघून ती थांबली.

"त्या दुसऱ्या बाई नाय आल्या?"

"त्या गेल्या."

"कुठं?"

मला शब्द बदलावा लागला. "वारल्या."

तिने मोळी खाली टेकवली. मग म्हणाली, "लय वेळ बसायच्या हितं. फोटो काढायच्या का नाय, कोण जाणे. बसायच्या मातुर." माझ्या हातातले प्रिंट मी तिला दाखवले. तिने दोन्ही बघितले, स्वतःचं घर शोधलं, दोन्हींत सापडलं, खूश झाली. "ह्यो घ्या, ह्यो चांगला," म्हणून तिने माझा पुढे केला. म्हणजे तिथेही मत मलाच पडलं. मोळी डोक्यावर चढवायला मी हात लावला आणि ती गेली. मी खडकावर बसले. तू बसायचीस तिथेच, असं वाटतं. नक्की सांगता येत नाही. ऊन खालपर्यंत आलं, मग ते नुसतं ऊन झालं. रडायला आलं ते तिथे. खांबाचं काही कळलं नाही.

त्या संध्याकाळी दादाला सांगितलं. त्याच्यापुढे ताट होतं, निदान ते संपू द्यायला हवं होतं, पण मला राहवलं नाही.

"दादा, तो फोटो मी काढलाय."

"कुठला?"

"तू निवडलास तो."

"म्हणजे बटण तू दाबलंस. बरं मग? तिनेच लावून दिलं असेल."

"लावून दिलं होतं. मी हलवलं. तिने लावलेला हा." मी दुसरा प्रिंट ठेवला.

त्याने चष्मा लावला. "हा खांब काय मध्येच?"

"मध्ये नाही, काठाला आहे."

"तेच. काठाला कशाला?"

"माहीत नाही."

"चुकून आला असेल."

"खडूने खुणा करून लावलेला होता, दादा. मी काढल्यावर तिने परत आणला."

तो बराच वेळ बघत राहिला. मग एकदम चिडला. "तुला सांगायची काय गरज होती? हां? प्रत्येक गोष्ट नीट लावायची असते तुला. इतके दिवस मी रात्रंदिवस त्या फोटोशी बोलतोय." आणि बोलता बोलता थांबला. माझ्याकडे बघितलं. "म्हणजे बायको समजून मी बहिणीच्या फोटोशी बोलत होतो होय गं?"

आणि आम्ही दोघं हसलो, वहिनी. तू गेल्यापासून पहिल्यांदा. इतकं हसलो की त्याला ठसका लागला, मी पाणी दिलं, आणि मग तो रडायला लागला आणि थांबेना. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी. ताटातला भात तसाच.

जरा सावरल्यावर मी विचारलं, "आता काय करायचं?"

"तूच ठरव. तुला सगळं ठरवता येतं."

"हे नाही येत."

मग त्याने दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवले, पाण्याचा तांब्या बाजूला सरकवून. "मला हाच आवडतो," खांब नसलेल्यावर बोट ठेवून म्हणाला. "पण तिच्या नावाखाली तिने बेतलेलाच लागायला पाहिजे. लोकांना आवडो न आवडो. गिऱ्हाइकाला आवडतो म्हणून तिने ब्लाउजचा गळा कधी कापला होता? 'तुम्हाला शोभत नाही' म्हणून सरळ सांगायची." आणि थोड्या वेळाने, "हा घरात राहू दे. मला सवय झालीय."

ठरलं. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, कारण मग तू तो पुसला का नाहीस हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. कदाचित तुला माझाच भिंतीवर हवा असेल. कदाचित तू दोन्ही खाली आणलेस ते आम्ही असंच ताटाशी बसून भांडावं म्हणून. दादाला हे पटतं. मला पटत नाही, पण नाही म्हणायला पुरावाही नाही.

आज सकाळी बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे गेले. वयस्कर आहे, आपल्या ओळखीचा. दादाच्या लग्नाचा फोटोही त्यानेच मढवला होता. त्याने फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि लगेच म्हणाला, "ताई, हा खांब काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे. होता की नव्हता कळणार नाही."

"नको."

"अहो, बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाणार."

"जाऊ दे."

"बरं, काठावरून थोडं कापू? फ्रेममध्ये तसंही जरा जातंच."

"एक केसभरही नाही. तिने जेवढा धरलाय तेवढा पाहिजे. शिवणीसारखी काठाला जादा माया सोडावी लागत असेल तर बाहेरून पांढरी पट्टी घाला."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी किती वेळा त्याच्या दुकानात तुझ्याशी भांडले असेन की टोक का कापलंस, अर्धा का सोडलास, मध्ये का नाही घेतलास; ते त्यालाही आठवत असणार. तुझं नाव एका कागदावर लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. फ्रेमचं लाकूड काळं घेतलं, बारीक. तुला सोनेरी चालत नव्हतं.

पैसे देऊन बाहेर आले तर रिक्षा, भाजी, शाळेच्या गाड्या, सगळं नेहमीसारखं. आणि माझी नजर रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांवर. पनवेलमध्ये किती खांब आहेत, वहिनी. एकही सरळ नाही. मी इथेच वाढले आणि एकही कधी बघितला नव्हता. हा काही तुझ्या खांबाचा अर्थ नव्हे, मी फक्त सांगतेय काय झालं ते. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "मॅडम, कुठं?" तेव्हा भानावर आले.

शनिवारी फोटो लागेल. तुझी मंडळी येतील, त्यातली काही फार हुशार आहेत, ती खांबाचा काहीतरी अर्थ लावतीलच. माणूस आणि निसर्ग वगैरे. लावू देत. तुला ठाऊक असलेलं कारण त्यात असलं तरी मला ओळखू येणार नाही. मी दारापाशी उभी असणार, फोटोकडे तोंड करून, पाणी आणि चहाकडे लक्ष ठेवत. कुणीतरी माझ्याकडे येऊन विचारणारच, बाकी सगळं इतकं छान, तो खांब तेवढा कशाला ठेवला. तेव्हा मी खरं तेच सांगणार आहे. म्हणेन, विचारायचं राहून गेलं.